लहान केंद्र कशावर उभे राहते?



आज मला आपल्याशी लहान रेडिओ केंद्रांविषयी बोलायचे आहे. राजधानीच्या शहरातली, उंच मनोऱ्यांची केंद्रे आपल्या परिचयाची आहेत. मी बोलणार आहे ती एखाद्या मंडळाने, एखाद्या नगरपालिकेने, किंवा एकट्या माणसाने हौसेपोटी उभारलेल्या केंद्रांविषयी. आपल्या देशात रेडिओची सुरुवात अशाच केंद्रांनी झाली. त्यांतली काही दोन-तीन वर्षांत बंद पडली, काही पुष्कळ टिकली. का बंद पडली आणि का टिकली, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न खामगावच्या माणसाला का पडावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा छोटा फाटा सुरू झाला, आणि त्या समारंभाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढा मोठा माणूस एवढ्याशा फाट्यासाठी का आला? कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा होता. आगगाडीबरोबर तारायंत्रही आले, आणि लिव्हरपूलच्या बाजाराची खबर खामगावच्या कापूस बाजारात येऊन पोचू लागली. म्हणजे पाहा, जगाचा शब्द आपल्या गावापर्यंत येण्याची सोय दीडशे वर्षांपूर्वीच झाली. पण आपल्या गावाचा शब्द दहा कोसांवरच्या दुसऱ्या गावापर्यंत जाण्याची सोय कोणती? ती कोतवालाची दवंडी. डफावर थाप पडली की माणसे दारात येत. दवंडी गावाची, कोतवाल ओळखीचा, आणि बातमी चुकीची निघाली तर जाब विचारायला माणूस समोर हजर. लहान रेडिओ केंद्र म्हणजे विजेवर चालणारी दवंडीच, असे मी वर्गात मुलांना सांगतो.

आता हे केंद्र चालते कसे, ते थोडक्यात पाहू. बोलणाऱ्याचा आवाज ध्वनिग्राहकात शिरतो आणि त्याची वीज होते. ही वीज एका वेगवान विद्युत्‌लहरीवर बसवली जाते. आवाज चढला की लहरीची उंची वाढते, आवाज उतरला की कमी होते. इंग्रजीत याच पद्धतीला एएम म्हणतात. जुनी केंद्रे मध्यम लहरींवर बोलत, ती या पद्धतीने. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून चालते. कोरड्या, खडकाळ जमिनीत ती लवकर थकते, ओलाव्याच्या चिकण जमिनीवर दूर जाते; आपल्या काळ्या मातीला ती चांगली मानवेल अशी आहे. रात्री मात्र ही लहर आकाशातील वरच्या थरांवर आपटून परत खाली येते, आणि शेकडो कोसांवरची केंद्रे एकमेकांत मिसळू लागतात. मृगाच्या तोंडावर वीज कडाडली की रेडिओत खरखर होते, तीही याच पद्धतीमुळे. कारण विजेचा लोळ लहरीची उंची बिघडवतो.

या पद्धतीचा मोठा गुण असा की ती ऐकण्याचे यंत्र अगदी साधे असते. केंद्र जवळ असेल तर एक लांब तार, एक वेटोळे, एक स्फटिक आणि कानाला लावायची नळी एवढ्यावर, बॅटरीशिवायही आवाज ऐकू येतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा संच मुलांकडून अवश्य करवून घ्यावा. यंत्र साधे असल्यामुळेच शंभर वर्षांपूर्वी हौशी माणसे या नादाला लागली.

आपल्या महाराष्ट्रात पहिला नाद लागला तो मुंबईला. १९२३ च्या जून महिन्यात मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम ध्वनिक्षेपित केले. भारतातील ध्वनिक्षेपणाचा आरंभ तेव्हापासून मोजतात. हा क्लब सरकारी नव्हता, कंपनीही नव्हता; यंत्रांची आवड असलेल्या मंडळींचे ते मंडळ होते. ऐकणारे थोडे आणि तेही बहुतेक ओळखीचे. अशा ठिकाणी पैशाचा प्रश्न उशिरा उभा राहतो, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही हौसेनेच आलेले असतात.

पुढे व्यापाराची दृष्टी आली. १९२६ च्या सप्टेंबरात सरकारने इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीशी करार केला, आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. महिन्याभराने कलकत्त्याचे केंद्र निघाले. प्रत्येक केंद्राची शक्ती दीड किलोवॅट, आणि साधारण तीस मैलांच्या टापूत चांगले ऐकू येई. रेडिओ ठेवणाऱ्याने वर्षाला दहा रुपये परवाना भरायचा, त्यातले आठ रुपये कंपनीला मिळायचे, असे ठरले होते. कंपनीचे ठरलेले भांडवल पंधरा लाख; प्रत्यक्षात जमले सहा लाख; आणि त्यातले साडेचार लाख दोन केंद्रे उभारण्यातच गेले.

आता गणित करू या. १९२७ च्या अखेरीस सगळ्या देशात परवाने होते ३,५९४. १९२९ च्या अखेरीस ते झाले ७,७७५. सात हजार सातशे पंचाहत्तरला आठाने गुणा. वर्षाचे ६२,२०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या थोडे वर. एवढ्यात मुंबई आणि कलकत्ता अशा दोन शहरांतील यंत्रे, इमारती, तंत्रज्ञ, गवई, वादक आणि बातमीदार सांभाळायचे. आयात होणाऱ्या यंत्रसामग्रीवरही कंपनीला थोडा वाटा मिळे, पण तो तोंडी लावण्यापुरता. परवाना न काढता चोरून ऐकणारेही होतेच. १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले. एक एप्रिलपासून सरकारने केंद्रे ताब्यात घेतली. पण सरकारलाही तोटा सोसेना. १९३१ च्या ऑक्टोबरात केंद्रे बंद करण्याचे ठरले, लोकांनी ओरड केली, आणि नोव्हेंबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. १९३२ मध्ये सरकारने हे काम कायमचे अंगावर घेतले.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कंपनी बुडाली तेव्हा यंत्र बिघडलेले नव्हते. गवयांची वाण नव्हती. वाण होती ती ‘हे माझे आहे’ असे म्हणून दहा रुपये काढणाऱ्या ऐकणाऱ्यांची. आणि ओरड झाली तेव्हा केंद्र वाचले तेही ऐकणाऱ्यांमुळेच.

मद्रासकडे काय झाले ते पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. तेथेही १९२४ साली हौशी मंडळींनी रेडिओ क्लब काढला आणि चाळीस वॅटच्या यंत्रावर कार्यक्रम सुरू केले. चाळीस वॅट म्हणजे घरातल्या एका जुन्या दिव्याइतकी शक्ती. १९२७ साली पैशाअभावी क्लबला काम थांबवावे लागले. पण मंडळींनी यंत्र मोडीत काढले नाही. ते शहराच्या महापालिकेच्या हवाली केले. १९३० च्या एप्रिलपासून महापालिकेने रोज संध्याकाळी कार्यक्रम सुरू केले. शाळेच्या दिवशी महापालिकेच्या शाळांतील मुलांसाठी संगीताचे धडे आणि गोष्टी असत. जो कर भरतो त्याला कार्यक्रम ऐकू येतो, आणि कार्यक्रम आवडला नाही तर नगरसेवकाला विचारता येते. १९३८ साली ऑल इंडिया रेडिओचे केंद्र मद्रासला निघाले तोपर्यंत ही गाडी चालली. जे काम मुंबईत मोठ्या भांडवलाच्या कंपनीला जमले नाही, ते चाळीस वॅटचा वारसा घेतलेल्या महापालिकेने आठ वर्षे केले.

तिसरे उदाहरण म्हैसूरचे. शिक्षक बंधुभगिनींनो, हे उदाहरण खास आपल्यासाठी आहे, कारण त्याचा नायक आपल्यातलाच एक आहे. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात एम. व्ही. गोपालस्वामी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १० सप्टेंबर १९३५ रोजी त्यांनी राहत्या घरातून तीस वॅटच्या यंत्रावर केंद्र सुरू केले. सुरुवातीला कन्नड कवी कुवेंपू यांनी काव्यवाचन केले. पुढे अडीचशे वॅटचे यंत्र आले. खर्च बराचसा त्यांच्या स्वतःच्या खिशातून आणि लोकांच्या मदतीतून चाले. या घरगुती केंद्राने जे नाव धारण केले ते आज आपण सगळे रोज उच्चारतो : आकाशवाणी. देशाच्या नभोवाणीने हे नाव पुढे १९५७ मध्ये घेतले. एका मास्तरच्या घरातले नाव सगळ्या देशाचे झाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गोपालस्वामींना हे कसे साधले? एक तर त्यांच्या हाताशी कॉलेज होते. विद्वान होते, गाणारे होते, नाटके करणारे विद्यार्थी होते. दुसरे, त्यांचे ऐकणारे त्यांच्याच गावचे. केंद्रावर काय लागावे, काय नको, हे रस्त्यात भेटणारा माणूस त्यांना सांगू शकत होता. असे असूनही एका माणसाच्या खांद्यावर हा भार किती दिवस राहणार? १९४२ मध्ये केंद्र संस्थानने घेतले, आणि १ एप्रिल १९५० रोजी ते ऑल इंडिया रेडिओत विलीन झाले. हौस सुरुवात करून देते, पण हौशीला वारस नेमावा लागतो. मद्रासच्या क्लबला महापालिका मिळाली, म्हैसूरच्या प्राध्यापकांना संस्थान मिळाले.

त्याच दिवशी, १ एप्रिल १९५० ला, निजामाच्या राज्यातील हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रेही देशाच्या नभोवाणीत आली. म्हणजे मराठवाड्यातील माणसाच्या कानाशी औरंगाबादचे केंद्र पूर्वीपासून होते. आपल्या विदर्भासाठी नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांतात होते आणि नागपूर त्याची राजधानी होती. खामगावहून नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर. मुंबई पाचशेहून अधिक.

लहान केंद्रे मोठ्यात विलीन झाली यात नुकसानच झाले, असे मी म्हणणार नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात ऑल इंडिया रेडिओची केंद्रे अवघी सहा होती. शंभरातल्या अकरा माणसांपर्यंतच आवाज पोचत होता. तो खेडोपाडी न्यायचा तर मोठी यंत्रे आणि सरकारी तिजोरी यांखेरीज इलाज नव्हता. शेतीची माहिती, हवामानाचा अंदाज, शास्त्रीय संगीत आपल्या ओसरीवर आले ते या मोठ्या व्यवस्थेमुळे. मात्र एक गोष्ट हातची गेली. केंद्र जितके मोठे, तितका ऐकणारा लहान. नागपूरला बसलेल्या माणसाला यवतमाळ, चांदा, बुलढाणा सगळ्यांना एकाच वेळी बोलायचे असते. खामगावच्या बाजारात आज कापसाला काय भाव फुटला, हे तो किती वेळा सांगणार?

ही उणीव ओळखून एक प्रयोग झाला, तोही आपल्या मराठी मुलखातच. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात दहा-वीस जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि त्यावर आपसात चर्चा करायची. चर्चेत निघालेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायचे, आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर द्यायचे. ऐका, चर्चा करा, कृती करा, असा तो मंत्र होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांची माहिती, मंडळे नसलेल्या गावांपेक्षा ठळकपणे वाढलेली दिसली. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे तिचा जोर ओसरला. पण तिने सिद्ध केलेली गोष्ट ओसरली नाही. ऐकणाऱ्याचे पत्र येऊ लागले की मोठे केंद्रही तेवढ्यापुरते लहान होते, गावचे होते.

मग कायद्याचा प्रश्न आला. आकाशातल्या लहरी कोणाच्या? सरकारच्या की लोकांच्या? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचा निकाल दिला. त्या खंडपीठावर आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना, आणि २००६ च्या नोव्हेंबरपासून स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही स्वतःचे लहान केंद्र काढण्याची परवानगी मिळाली. सातारा जिल्ह्यातील माण तालुका दुष्काळासाठी प्रसिद्ध. तेथे म्हसवडला २००८ मध्ये माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. गोपालस्वामींनी घरात जे केले, ते माणदेशी बायाबापड्यांच्या साथीने तेथे झाले.

ही नवी केंद्रे मध्यम लहरींवर नाहीत, एफएम पद्धतीवर आहेत. याचे एक साधे कारण आहे. मध्यम लहर लांब असते, सुमारे तीनशे मीटरची. तिच्या चौथाईइतका, म्हणजे पंचाहत्तर मीटर उंच मनोरा चांगल्या ध्वनिक्षेपणाला हवा. शिवाय त्याच्या बुडाशी जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे पुरावे लागते. एफएमची लहर तीन मीटरची. तिला तीस मीटरचा खांब पुष्कळ झाला. ती दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे फारशी जात नाही, पण तालुक्याच्या गावाला आणि भोवतालच्या खेड्यांना तेवढे पुरते. विजेच्या कडकडाटाची खरखरही तिच्यात फारशी येत नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यात सगळे जग आहे, मग हे केंद्र कशाला? प्रश्न रास्त आहे. मोबाइलमुळे जग हातात आले, हे खरेच. पण बोंडअळी पडली आणि कोणते औषध फवारावे याविषयी चार निनावी संदेश फिरू लागले, की त्यातला कोणता खरा मानायचा? चुकीचे औषध मारून पीक गेले तर कोणाच्या दारात जायचे? निरोप पुढे ढकलणारा म्हणतो, मला दुसऱ्याकडून आला. केंद्राला नाव असते, पत्ता असतो, बोलणारा माणूस ओळखीचा असतो. दवंडी पिटणाऱ्या कोतवालासारखा तो उत्तर द्यायला बांधलेला असतो. सगळ्या तालुक्याने एकाच वेळी एकच गोष्ट ऐकावी आणि तिच्याविषयी पारावर बोलावे, हे खिशातल्या यंत्राने अजून साधलेले नाही.

तेव्हा लहान केंद्र कशावर उभे राहते? मुंबईची कंपनी, मद्रासची महापालिका, म्हैसूरचे प्राध्यापक आणि पुण्याची श्रोता मंडळे या चारही गोष्टींचे उत्तर एकच येते. यंत्र चाळीस वॅटचे असो की दीड किलोवॅटचे, केंद्र उभे राहते ते ऐकणाऱ्याच्या मालकीवर. ऐकणारा ते आपले मानून त्याला चार पैसे देईल, चुकले तर रागे भरेल, आणि स्वतः येऊन बोलेल, तर ते टिकते.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटी एक काम सुचवतो. त्याला परवाना लागत नाही आणि खर्चही नाही. एक कोरा कागद घ्या. त्यावर सोमवार ते रविवार सात रकाने आखा, आणि आपल्या गावच्या केंद्रावर रोज एक तास काय लावाल ते मुलांना भरायला सांगा. अट एकच : जे दुसऱ्या कोणत्याही केंद्रावर ऐकायला मिळते ते लिहायचे नाही. पहिले दोन दिवस चटकन भरतील; भजन, बाजारभाव, पाऊसपाणी. बुधवारी मुले अडतील. मग त्यांना घरी पाठवा. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात का, विहिरीचे पाणी दहा वर्षांत किती खाली गेले, सरकी कोणी कोणती पेरली आणि ती कशी उगवली, चांदीचे काम करणारा कारागीर ते कोणाकडून शिकला, कोणाची मुलगी कोणत्या परीक्षेत पास झाली, हे विचारून यायला सांगा. रविवारचा रकाना भरला म्हणजे समजा की आपल्या गावाजवळ बोलण्यासारखे आहे.

मग शाळेच्या कर्ण्यावर आठवड्यातून एकदा ते सादर करा. गावकऱ्यांना बोलवा. पुढच्या आठवड्यात किती जण आपण होऊन आले ते मोजा, आणि कोण तक्रार घेऊन आले तेही लिहून ठेवा. तक्रार घेऊन आलेला माणूस पहिला खरा श्रोता समजावा. असे पन्नास श्रोते ज्या गावाला मिळतील, त्या गावाने परवान्याचा अर्ज खुशाल करावा. ज्या गावाला मिळणार नाहीत, त्याने खांबाचा खर्च वाचवावा.